भुताची जबानी : नागर दंतकथा, भयपट आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

भुताला जात असते, ही गोष्ट मराठी लोकसमजुतीने कधी लपवून ठेवलेली नाही. मौंज झालेला पण सोडमुंजीपूर्वी दगावलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो; ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध होतो; सवाष्णपणी गेलेली बाई जखीण होते, बाळंतपणात गेलेली हडळ किंवा आळवंत. खवीस हा शब्द तर सरळ अरबीतून आलेला. तो एका गावी मुसलमानाचे भूत असतो, दुसऱ्या गावी गावकुसाबाहेरच्या मृताचे. मोल्सवर्थच्या कोशापासून जॅक्सन-एन्थोव्हेन यांच्या मुंबई इलाख्यातील लोकविद्येच्या संग्रहांपर्यंत या नोंदी विखुरलेल्या आहेत. त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्यांच्यामागील तत्त्व एकच दिसते. माणूस कोणत्या जातीत जन्मला, त्याचे कोणते संस्कार व्हायचे राहिले, स्त्री असेल तर ती कोणत्या अवस्थेत मेली, यावर त्याचे भूतयोनीतील स्थान ठरते. म्हणजे भुतांचे वर्गीकरण हे वस्तुतः समाजाने कोणाचे काय देणे ठेवले, याचे वर्गीकरण आहे. मुंज्याला लग्न द्यायचे राहिले. आळवंतीला मूल द्यायचे राहिले. भूत हा ऋणको नव्हे, धनको आहे.

प्रस्तुत लेखात मला एवढेच तपासायचे आहे की, ही दंतकथा जेव्हा पडद्यावर येते तेव्हा या देण्याचे काय होते. अलीकडे चित्रपटातील ‘विविधता’ आणि ‘प्रतिनिधित्व’ यांविषयी बरेच बोलले जाते. बहुतेक वेळा ही चर्चा मोजणीवर थांबते : पात्रे किती समाजांतील, किती प्रांतांतील, स्त्रिया किती. भयपटाच्या बाबतीत ही मोजणी मला अपुरी वाटते, कारण भयपटातील सर्वांत महत्त्वाचे पात्र मेलेले असते.

या विचाराची सुरुवात वर्गात झाली. मी चेंबूरला शिकवते. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी पदव्युत्तर वर्गाला एक साधा स्वाध्याय दिला होता : आपल्या वस्तीत सांगितली जाणारी भुताची एक गोष्ट, ज्याने सांगितली त्याच्याच शब्दांत लिहून आणा. हे सर्वेक्षण नव्हते आणि त्यावरून मी कोणताही सामान्य सिद्धान्त मांडू इच्छित नाही. पण वह्या चाळताना लक्षात आले की बऱ्याच जणांनी एकच गोष्ट आणली आहे. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर रात्री उशिरा एक बाई रिक्षा थांबवते, ठिकाण सांगते, आणि ठिकाण आल्यावर मागे वळून पाहावे तो सीट रिकामी. जॅन हॅरल्ड ब्रुनव्हान्ड यांनी १९८१मध्ये आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच जिला स्थान दिले, ती वाटेत गाडीत बसून अदृश्य होणाऱ्या प्रवाशाची ही कथा. जगभर ती सापडते आणि सर्वत्र ती ‘मित्राच्या मामाने स्वतः पाहिलेली’ असते. नागर दंतकथेची खूण हीच : सांगणारा साक्षीदार नसतो, पण साक्षीदाराचा शेजारी असतो.

गोष्ट एक असली तरी बाई एक नव्हती. सिद्धार्थ कॉलनीतल्या मुलाच्या वहीत ती घरकामाला जाणारी, परतताना गाडीखाली आलेली बाई होती. तमिळ घरातून आलेल्या मुलीच्या वहीत ती मोहिनी होती. गोवंडीच्या मुलाने तिला भूत म्हणायचे टाळले होते. त्याच्या आजीच्या मते तो जिन होता आणि बाईचे केवळ रूप घेतलेले. कॅम्पातल्या एका वहीत ती फाळणीत हरवलेल्या मुलीच्या शोधात हिंडत होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत जिथे उभी राहिली, तिथे असे व्हायचेच. ठिकाणही बदलत होते : कुठे स्मशान, कुठे कब्रस्तान, कुठे माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्याचे फाटक. ‘ती कोण होती’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वस्तीने आपल्या मृतांमधून काढले होते. एका उपनगराच्या चार-पाच किलोमीटरच्या परिघात एकच आकृतिबंध इतक्या मृतांना वाट करून देतो, ही मला या वह्यांमधली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

आणखी एक गोष्ट. सगळ्या वह्यांमध्ये नायक रिक्षावाला होता. पडद्यावर मात्र रिक्षावाल्याला भूत भेटत नाही. १९६४च्या राज खोसलांच्या ‘वह कौन थी?’मध्ये पावसाळी रात्री पांढऱ्या साडीतली बाई डॉक्टरच्या मोटारीत बसते. २०१२च्या रीमा कागतींच्या ‘तलाश’मध्ये ती पोलीस अधिकाऱ्याच्या मोटारीत बसते. भय वाटण्याचा अधिकारही मालकीच्या वाहनाबरोबर येतो की काय, असे वाटावे!

प्रतिनिधित्व या शब्दाच्या दोन अर्थांची गल्लत होते, हे गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दाखवून दिले आहे. एखाद्याचे चित्र उभे करणे वेगळे आणि एखाद्याच्या वतीने उभे राहणे वेगळे. मराठीत पहिल्याला प्रतिरूपण आणि दुसऱ्याला वकिली म्हणता येईल. या दोहोंच्या पलीकडे लोकपरंपरेत एक तिसरी गोष्ट आहे आणि भयपटाचा विचार करताना ती अत्यंत उपयोगी पडते. ती म्हणजे भुताची जबानी. अंगात आलेल्या बाईसमोर बसलेला भगत किंवा देवऋषी मंत्र म्हणण्याआधी प्रश्न विचारतो. तू कोण? कुठला? हिला का धरलेस? काय हवे? नाव, गाव, तक्रार, मागणी. त्या क्षणी मृताला बोलायची संधी मिळते, जी जिवंतपणी बहुधा मिळालेली नसते. उत्तर मिळाल्यावरच तडजोड होते : कोंबडे, नारळ, पानविडा, कधी एखादे राहून गेलेले कार्य.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. जबानी मृताची असली तरी शरीर जिवंत बाईचे असे. झिंज्या तिच्या ओढल्या जात, मिरच्यांची धुरी तिला दिली जाई. सासरी तोंड न उघडणारी सून ‘तिसऱ्या’च्या नावाने चार शब्द बोलू शके हे खरे, आणि त्याची किंमत तिच्याच पाठीला मोजावी लागे हेही खरे. २०१३च्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. त्या कायद्यामागचे दुःख विसरून भुतांविषयी बोलणे बेजबाबदारपणाचे होईल. मला परंपरा परत आणायची नाही. तिच्यातला प्रश्नांचा क्रम मला समीक्षेचे साधन म्हणून हवा आहे. भयपटातील भुताला हे चार प्रश्न विचारले जातात का, आणि त्याचे उत्तर कोण देते?

‘मुंज्या’ हा आदित्य सरपोतदारांचा २०२४चा हिंदी चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दिग्दर्शक मराठी, कथा कोकणातली, आजीच्या भूमिकेत सुहास जोशी. मराठी लोककथेला अखिल भारतीय प्रेक्षक मिळाला, याचा आपल्याकडे आनंद झाला आणि तो अस्थानी नव्हता. १९५२ साली एक मुलगा वयाने मोठ्या मुलीच्या प्रेमात पडतो. घरचे त्याची मुंज उरकतात. तो झाडाखाली बहिणीचा बळी देऊन आपले इप्सित साधू पाहतो आणि स्वतःच मरतो. पुढे आजच्या पुण्यातील बिट्टू या नातवाच्या मागे तो लागतो. चित्रपटात विविधता भरपूर आहे. शीख मित्र आहे, परदेशी प्रियकर आहे. भूत उतरवणाऱ्याचे नाव तर एल्विस करीम प्रभाकर. तीन धर्म एका माणसाच्या नावात! सत्यराज ही भूमिका झोकात करतात आणि प्रेक्षक हसतो. पण हा विनोद नीट पाहिला तर ध्यानात येते की विविधता येथे जिवंतांच्या नावांत वाटून टाकली आहे. मृताच्या वाट्याला फक्त हट्ट आला आहे.

लोकसमजुतीतील मुंज्याचे भय हट्टातून येत नाही. मुंज म्हणजे दुसरा जन्म. तो देऊन झाला, आणि त्या जन्माने जे द्यायचे कबूल केले होते ते देण्याआधीच माणूस गेला. मुंजा हा त्या जातिव्यवस्थेतल्याच एका वचनभंगाचा दाखला असतो. म्हणून तो आपल्याच घराण्याच्या आसपास राहतो आणि घराणे त्याला वर्षानुवर्षे नैवेद्य दाखवते. चित्रपटात मुंज वेशभूषेपुरती उरते. गोटा केलेले डोके राहते, त्या डोक्यावर ठेवलेले ओझे जाते. मागणी राहते, तक्रार जाते. आणि तक्रार गेली की भयही पातळ होते, असा माझा अनुभव आहे. संगणकाने घडवलेला तो मुंज्या उत्तरोत्तर मोठ्याने ओरडतो, उड्या मारतो, नकला करतो, कारण त्याला आता दुसरे काही सांगायचे नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. या कथेतली खरी धनको ती बहीण आहे. बळी द्यायला नेलेली मुलगी वाचते, म्हातारी होते, बिट्टूची आजी होते. नरबळीच्या प्रयत्नातून सुटलेली आणि सत्तर वर्षे गप्प राहिलेली स्त्री! तिला कोणी विचारले असते, तू कोण, तुझी तक्रार काय, तर एक वेगळाच चित्रपट उभा राहिला असता. तिच्या वाट्याला मात्र थोडे प्रसंग येतात आणि मुंज्याच्या हातून मरण येते. सुहास जोशींच्या नुसत्या चेहऱ्यावर त्या न विचारलेल्या प्रश्नाची सावली दिसते, हे त्यांच्या अभिनयाचे यश. संहितेला त्याचे श्रेय देता येणार नाही.

मुंज्याची जात पातळ करण्याचे काम हिंदी चित्रपटानेच प्रथम केले असे नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मराठी वाचकाला भयाची आणि गूढाची गोडी लावली, त्या कथांचा वाचक बहुतांशी शहरी मध्यमवर्गीय होता. धारपांनी पाश्चात्त्य भयकथेची यंत्रणा मराठी घरात आणून बसवली. त्यामुळे वाड्याच्या माडीवरचे भय कोणाही सुशिक्षिताला आपले वाटू लागले. आणि ते कोणाचेही होऊ शकले म्हणूनच कोणा विशिष्टाचे राहिले नाही. २०१८च्या ‘तुंबाड’मागे धारपांची प्रेरणा आहे, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेले आहे, आणि हस्तरची पुराणकथा सर्वस्वी नवी रचलेली. तो चित्रपट श्रेष्ठच आहे. १९१८ ते १९४७ या काळातला एका ब्राह्मण घराण्याचा लोभ इतक्या निर्दयपणे क्वचितच कोणी दाखवला असेल. तो दंतकथेवर आधारलेला नसल्यामुळे येथे त्याचा अधिक विचार करीत नाही.

नागर दंतकथेचे स्थलांतर पाहायचे तर २०१८चाच ‘स्त्री’ घ्यावा. १९९०च्या दशकात बेंगळुरूमध्ये दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहिण्याची लाट आली होती. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारणारे भूत ते वाचून परत जाते, अशी समजूत. साक्षर भूत आणि त्याला दररोज फसवणारी साक्षर वस्ती, ही कल्पनाच विलक्षण आहे. चित्रपटाने ती मध्य प्रदेशातल्या चंदेरीला नेली, पळवले जाणारे सगळे पुरुष केले, आणि रात्री एकटे बाहेर पडण्याची भीती पुरुषांना वाटली तर कसे, हा खेळ मांडला. खेळ चांगला रंगला. कन्नड वस्तीचा त्या कथेवरचा हक्क मात्र प्रवासात गळाला. नागर दंतकथा ही त्या त्या नगराची असते, एवढीशी गोष्ट आपले चित्रपट सहज विसरतात.

‘लपाछपी’ (२०१७) आणि त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ (२०२१) यांची तुलना यामुळेच उद्बोधक ठरते. दोन्हींचे दिग्दर्शक विशाल फुरिया. कर्जाच्या धास्तीने शहर सोडून आलेले जोडपे, गरोदर बायको, उसाच्या फडात दडलेले एकाकी घर, विहीर, आणि जन्मताच मारलेल्या मुली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. ‘लपाछपी’ त्या आकड्यांतून चालत आल्यासारखा वाटतो. उषा नाईक यांची तुळसाबाई हे मराठी चित्रपटातील एक थोर भयपात्र आहे, आणि ते भय तिच्या आवाजातल्या मायेतून येते. गरोदर पोरीला खाऊपिऊ घालणारी, ओटी भरणारी प्रत्येक वडीलधारी बाई त्या आवाजात बोलते. येथे भुतांना नाव आहे, गाव आहे, तक्रार आहे. जबानी पूर्ण होते.

आता यातली उणीव. बीडचा ऊस म्हटले की ऊसतोड कामगार डोळ्यांसमोर येतात : सहा-सहा महिने घर सोडून जाणारी जोडपी, कोयता, आणि फडाकाठच्या कोपीत होणारी बाळंतपणे. चित्रपटातला ऊस हा एक चकवा आहे. त्यात वाट चुकते, लेकरे दडतात. तो कोणी तरी तोडतो, हे कथेला लागत नाही. हिंदी रूपात तर ऊस कोणत्याही प्रांताचा होऊ शकतो, आणि झाला. मुलींच्या हत्येचा प्रश्न अखिल भारतीय आहे, हे त्यामागचे समर्थन चुकीचे नाही. पण ‘सर्वांचा प्रश्न’ होण्यासाठी दंतकथेला आपली माती झटकावी लागते, तेव्हा प्रथम झटकली जातात ती मातीत राबणारी माणसे.

चित्रपटाने समाजशास्त्राची कामे करावीत काय, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्त आहे. भयपट हा प्रथम भय देण्यासाठी असतो. माझे म्हणणे इतकेच की हे दोन निराळे हिशेब नाहीत. ‘तलाश’मधील वेश्येच्या मृत्यूची चौकशी कोणी केलेली नसते, कारण तिचा मृत्यू मोजण्याजोगा मानलेला नसतो; ती स्वतः आपल्या मृत्यूची जबानी देते आणि अधिकारी तिचे अवशेष शोधतो तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो आपल्याही बेदखलीचा असतो. हिशेब नेमका लागला की भय नेमके लागते.

या संदर्भात ‘कँडीमॅन’चा उल्लेख अटळ आहे. क्लाइव्ह बार्करची मूळ कथा लिव्हरपूलच्या एका गरीब वसाहतीतली. बर्नार्ड रोझ यांनी १९९२मध्ये ती शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या कृष्णवर्णीयांच्या सार्वजनिक गृहवसाहतीत नेली. स्थलांतराने येथे काही गळाले नाही, उलट वंशाचा प्रश्न कथेत शिरला. आरशासमोर पाच वेळा नाव घेतले की प्रकट होणारे ते भूत एका गुलामाच्या मुलाचे. गोऱ्या स्त्रीवर प्रेम केले म्हणून जमावाने मारलेला चित्रकार. पण त्याची कहाणी आपल्याला कोण सांगते? जेवणाच्या टेबलावर बसलेला गोरा प्राध्यापक. वसाहतीतल्या माणसांच्या वाट्याला त्याचे भय येते, त्याचा इतिहास येत नाही. नायिका हेलन ही नागर दंतकथांवर प्रबंध लिहिणारी गोरी संशोधक, टेपरेकॉर्डर घेऊन फिरणारी. तिला कळते की आपली राहती इमारतही मुळात तसलीच सरकारी वसाहत म्हणून बांधली होती. मधे गिलावा चढवून ती सुखवस्तूंना विकली. चित्रपटाच्या अखेरीस दंतकथा तिच्या नावावर होते. अभ्यासकाने साहित्य गोळा करता करता साहित्याची मालकी मिळवावी, हे याहून स्पष्ट कोणी दाखवले असेल असे वाटत नाही. आणि ते दिग्दर्शकाला सर्वस्वी अभिप्रेत होते की नाही, याबद्दल मी साशंक आहे. २०२१मध्ये निया डकोस्टा या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेने पुन्हा तो विषय घेतला, तोवर कॅब्रिनी-ग्रीनचे मनोरे पाडून झाले होते. आता कहाणी सांगतो तो धुलाईघर चालवणारा तिथलाच जुना रहिवासी, आणि कँडीमॅन एक न राहता अनेक होतात : वेगवेगळ्या काळांत मारले गेलेले अनेक कृष्णवर्णीय पुरुष. चित्रपट म्हणून तो पहिल्याइतका भेदक नाही. बोध करण्याची त्याला घाई आहे. पण ‘ती कोण होती’ या प्रश्नाला माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांनी दिलेले उत्तर हेच होते, हे त्याच्यामुळे मला उमगले. आकृतिबंध एक, मृत अनेक.

हेलनविषयी लिहिताना माझा हात थोडा थबकतो. त्या वर्षी आम्ही विभागाचे हस्तलिखित काढले. त्यात ‘चेंबूरची एक दंतकथा’ म्हणून ती गोष्ट घ्यायची ठरले. वह्या अनेक आणि पाने तीन. मी त्यांचे संपादन केले. मोहिनी वगळली, कारण ती ‘आपल्याकडची’ वाटत नव्हती. जिन वगळला, कारण पुरवणीचे नाव मराठी लोककथा असे होते. घरकामाच्या बाईच्या गोष्टीत भुतापेक्षा अपघाताचे वर्णन जास्त होते, तेव्हा ती ‘दंतकथेच्या व्याख्येत बसत नाही’ असा शेरा मी लिहिला. उरली ती पांढऱ्या लुगड्यातली, पाय उलटे असलेली हडळ. शुद्धलेखन तपासून, रिक्षावाल्याच्या तोंडची बंबय्या हिंदी काढून तिला मी नीटस मराठीत उभी केली. आर. के. स्टुडिओची जागा गेली, तिथे निवासी संकुलाचे काम सुरू झाले, त्या सुमाराची ही गोष्ट. त्या स्टुडिओविषयी हळहळणारा एक लेखही त्याच अंकात होता.

माहुलला राहणाऱ्या एका मुलीची वही मी तेव्हा अपुरी म्हणून परत केली होती. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडल्यावर त्यांचे कुटुंब तिथल्या पुनर्वसनाच्या इमारतीत आले होते; तिथली हवा राहण्याजोगी आहे की नाही, हा प्रश्न पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिने लिहिले होते की आमच्या इमारतीत सगळे नवे आहेत, अजून कोणी भुताची गोष्ट सांगत नाही. जिन्यात दिवा नसतो आणि रात्री खोकल्याचे आवाज येतात, पण ते कोणाचे ते माहीत असते. खाली जागा सोडून तिने चार नावे लिहिली होती, त्या वर्षी इमारतीत वारलेल्या माणसांची, मजल्यांसह.

यंदा स्वाध्याय पुन्हा दिला आहे. गोष्टीच्या शेवटी सांगणाऱ्याचे नाव आणि गाव लिहावे, भूत कोणाचे आणि ते काय मागते तेही लिहावे, एवढी सूचना वाढवली आहे. वह्या अजून यायच्या आहेत.